विश्लेषण : व्हायोलिनवर कोल्डप्ले, पण वाजवले कोणी? क्वार्टेटच्या मैफली आणि वादकांच्या नावाचा प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. पनवेल, नवीन पनवेल, सुकापूर या भागातल्या रसिकांना त्यासाठी हार्बर मार्गावरची मोजकी स्थानके पार करावी लागली. त्याच बँडची गाणी गेल्या काही वर्षांत मुंबईत आणखी एका पद्धतीने ऐकायला मिळत आहेत. ना गायक, ना गिटार, ना ड्रम. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो आणि मंचावर शेकडो मेणबत्त्यांचा उजेड. पाश्चात्त्य अभिजात संगीताची वाद्ये आणि पॉप-रॉकची गाणी यांचा हा मिलाफ म्हणजे नेमके काय, तो खरेच नवा आहे का आणि त्यातून वाजवणाऱ्याच्या हाती काय लागते, याचा हा आढावा.

सध्या नेमके काय सुरू आहे?

मूळच्या स्पेनमधील 'फीवर' या कंपनीने २०१९ मध्ये माद्रिदमधून 'कॅन्डललाइट' ही मैफलींची मालिका सुरू केली. पुढे ती जगभरातील अनेक शहरांत पोहोचली. भारतात मुंबईसह काही मोठ्या शहरांत तिचे कार्यक्रम होतात. साचा साधा आहे. सुमारे तासाभराचा कार्यक्रम, स्थानिक वादकांचा छोटा संच, बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्त्या आणि एका लोकप्रिय नावाभोवती गुंफलेली गाणी. कधी कोल्डप्ले, कधी क्वीन, कधी हिंदी चित्रपटगीते, तर कधी विवाल्डी.

याशिवाय लग्नाचे स्वागत समारंभ, कंपन्यांचे कार्यक्रम, हॉटेलांमधील संध्याकाळी अशा ठिकाणीही तंतुवाद्यांचे छोटे संच पॉप गाणी वाजवताना दिसतात. म्हणजे हे काम एका कंपनीपुरते मर्यादित नाही, ती एक छोटी बाजारपेठ आहे.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे काय?

चार तंतुवाद्यांचा संच म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. अठराव्या शतकात ऑस्ट्रियन संगीतकार हायडन यांनी या प्रकाराला पक्के रूप दिले. 'चेंबर म्युझिक' म्हणजे मोठ्या सभागृहाऐवजी दिवाणखान्यात वाजवण्याजोगे संगीत. आपल्याकडच्या घरगुती बैठकीशी त्याचे नाते लगेच जुळते. यात ऑर्केस्ट्रासारखा कंडक्टर नसतो. चौघे एकमेकांच्या श्वासाकडे, गजाच्या हालचालीकडे लक्ष ठेवून वाजवतात. त्यामुळे एकत्र रियाजाचे तास इथे फार महत्त्वाचे ठरतात.

रॉकचे गाणे चार वाद्यांत कसे बसवतात?

गायकाची चाल बहुधा पहिल्या व्हायोलिनकडे जाते. गिटार किंवा कीबोर्डचे कॉर्ड दुसरे व्हायोलिन आणि व्हिओला वाटून घेतात. बेस चेलोकडे येतो. ड्रमचे काय? तारा बोटांनी छेडून किंवा गजाचे टोक तारेवर आपटून ठेका उभा केला जातो.

खरी अडचण पुढे येते. गाण्यात दुसऱ्या कडव्याचे शब्द बदलतात, म्हणून तीच चाल पुन्हा आली तरी कंटाळा येत नाही. शब्द काढून टाकले की तीच चाल चार वेळा ऐकणे जड जाते. म्हणून दुसऱ्या कडव्यात चाल चेलोच्या खर्जात न्यायची, तिसऱ्यात मागचे सूर बदलायचे, शेवटाकडे सगळ्यांना वरच्या सप्तकात चढवायचे, असे काही करावे लागते. हे काम करणारा तो संगीत संयोजक, म्हणजे अरेंजर. मूळ चाल दुसऱ्याची असली तरी ती कशी ऐकू येणार हे तोच ठरवतो.

रागदारीवर आधारलेल्या गाण्यात आणखी एक पेच असतो. मींड आणि आंदोलनांवर उभ्या असलेल्या सुराखाली कॉर्ड धरला, तर सूर एका जागी खिळल्यासारखा होतो. तो मोकळा ठेवून मागे भराव कसा टाकायचा, हा प्रश्न मुंबईतील संयोजकांनी अनेक दशके हाताळला आहे.

हा प्रकार नवा आहे का?

नाही. बीटल्सच्या १९६५ मधील 'यस्टरडे' या गाण्यामागे स्ट्रिंग क्वार्टेट आहे. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ते संयोजन केले. पुढच्याच वर्षी आलेल्या 'एलेनॉर रिग्बी'मध्ये आठ तंतुवादक आहेत आणि बँडच्या सदस्यांनी त्यात एकही वाद्य वाजवलेले नाही. कोल्डप्लेच्या २००८ मधील 'विवा ला विदा'ची ओळखच तंतुवाद्यांच्या त्या ठाशीव सुरावटीने होते. म्हणजे क्वार्टेट जेव्हा हे गाणे वाजवतो, तेव्हा तंतुवाद्ये एका अर्थी आपलीच उसनवारी परत घेत असतात.

उलट बाजूनेही प्रवास झाला. अमेरिकेतील 'क्रोनोस क्वार्टेट' १९७३ मध्ये डेव्हिड हॅरिंग्टन यांनी स्थापन केला. आधुनिक रचनांच्या जोडीला त्यांनी जिमी हेंड्रिक्सचे रॉक गाणेही वाजवले. फिनलंडच्या 'अपोकॅलिप्टिका'ने १९९६ मध्ये चार चेलोंवर मेटॅलिकाची गाणी ध्वनिमुद्रित केली. २०२० च्या अखेरीस आलेल्या 'ब्रिजर्टन' मालिकेत 'व्हिटॅमिन स्ट्रिंग क्वार्टेट'ने वाजवलेली पॉप गाणी जुन्या काळातील नृत्यप्रसंगांत वापरली गेली आणि हा नाद घराघरांत पोहोचला.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण २००५ मधील आहे. क्रोनोसने राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांचा एक संपूर्ण अल्बम केला. त्यात गायल्या आशा भोसले आणि तबल्यावर होते झाकीर हुसेन. या अल्बमला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले.

मुंबईचा यात वाटा काय?

मुंबईचा वाटा जुना आणि मोठा आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पुढे क्वार्टेटही चालवला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता जगप्रसिद्ध कंडक्टर झाले. दुसरीकडे गोव्यातून वादकांची मोठी फळी मुंबईत आली. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिदोरीवर हे वादक हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात रुजू झाले.

त्या काळी अनेक संगीतकार चाल पेटीवर ऐकवत. ती कागदावर उतरवून पन्नास-साठ वादकांसाठी भाग लिहिणे हे संयोजकाचे काम. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यातील ठळक नावे. अभिजात, जॅझ, लोकगीत आणि राग यांचे मिश्रण त्यांच्यासाठी रोजचे काम होते. त्याला 'फ्यूजन' म्हणण्याची गरज कोणाला भासली नाही.

अँथनी गोन्साल्विस यांची कहाणी या सगळ्याचे सार आहे. गोव्यातील माजोर्डा गावचे हे व्हायोलिनवादक मुंबईत आले, चित्रपटांत वाजवू लागले, संयोजन करू लागले. १९५८ मध्ये त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभारून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मैफल केली. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे एकल गायक होते. राग आणि सिम्फनी यांना एका मंचावर आणण्याचा तो प्रयत्न होता. १९६० च्या दशकात ते अमेरिकेत गेले आणि परतल्यावर गोव्यात राहिले.

त्यांचे नाव देशभर झाले ते वेगळ्याच वाटेने. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यात गुरूचे नाव गुंफले. चित्रपटातील पात्र त्या नावाने लोकप्रिय झाले. पण असा माणूस खरोखरच आहे आणि तो व्हायोलिनचा गुरू आहे, हे गाणे गुणगुणणाऱ्या बहुतेकांना ठाऊकच नव्हते.

नावाचा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

कारण नाव हा केवळ मानाचा विषय नाही. पुढचे काम, मानधन ठरवण्याची ताकद आणि कायद्यातील हक्क, तिन्ही नावाला बांधलेले आहेत.

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संयोजकाचा उल्लेख झालाच तर अनेकदा 'सहायक' असा होई. वादकांची नावे जवळजवळ नसतच. त्यांना ध्वनिमुद्रणाच्या पाळीनुसार पैसे मिळत आणि हिशेब तिथेच संपे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले तरी त्यात त्यांचा वाटा नसे.

मराठीत याला एक सुखद अपवाद आहे. प्रभाकर जोग हे व्हायोलिनवादक आणि संयोजक. सुधीर फडके यांच्यासोबत 'गीतरामायणा'च्या अनेक कार्यक्रमांना त्यांनी साथ केली. पण मराठी घरांत ते ओळखले गेले ते 'गाणारं व्हायोलिन' या नावाने. शब्दांशिवाय, फक्त व्हायोलिनवर वाजवलेली लोकप्रिय गाणी. आज क्वार्टेट जे करतात त्याच्याशी हे काम तत्त्वतः जुळते. फरक एवढाच की जोगांच्या ध्वनिमुद्रिकेवर वादकाचे नाव पुढे होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा रसिकांनी एका साथीदाराला नव्हे, एका कलाकाराला निरोप दिला.

आजच्या मैफलींत चित्र काय आहे?

आजच्या मेणबत्त्यांच्या मैफलीत वादक पडद्यामागे नाहीत. ते समोर बसलेले असतात आणि टाळ्या त्यांनाच मिळतात. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणापेक्षा ही प्रगतीच म्हणायची. पण या प्रकारात कार्यक्रमाच्या शीर्षकात मूळ बँडचे नाव असते. माहितीपानावर वादकांची नावे दिलेली असली तरी तिकीट विकले जाते ते शीर्षकावर. प्रेक्षक 'कोल्डप्लेची मैफल' ऐकून घरी जातो. व्हिओला कोणी वाजवला, संयोजन कोणाचे होते, हे विचारले तर सांगता येत नाही.

याचा परिणाम संगीतावरही होतो. क्रोनोससारखा संच वर्षानुवर्षे एकत्र राहिला, स्वतःची संयोजने करून घेत राहिला आणि म्हणून त्याचा आवाज ओळखता येतो. शीर्षकावर चालणाऱ्या कार्यक्रमात तयार नोटेशन आणि उपलब्ध असलेले चार चांगले वादक एवढे पुरते. संच बदलला तरी तिकीटविक्रीवर फरक पडत नाही. मग एकत्र बसून महिनोन् महिने रियाज करण्याचा खर्च कोणी उचलायचा? वादकांना काम मिळते, पण संच घडत नाही, अशी ही अवस्था आहे.

वादकांसाठी हे काम तरीही का गरजेचे?

१९८० च्या दशकापासून सिंथेसायझर आले, पुढे संगणकावर तंतुवाद्यांचे तयार आवाज मिळू लागले. पन्नास वादकांच्या जागी एक कीबोर्ड बसला. मुंबईच्या चित्रपट-वादकांची रोजची कामे आटत गेली. आज ज्यांना खऱ्या ऑर्केस्ट्राचा नाद हवा असतो आणि ज्यांचे बजेट आहे, ते बरेचदा परदेशात जातात. 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. मराठी चित्रपटसंगीतासाठी ती अभिमानाची गोष्ट होती. पण इथल्या व्हायोलिनवादकाच्या पोटापाण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

अभिजात बाजूला मुंबईत एनसीपीएचा 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' २००६ पासून आहे. मात्र त्यातील बरेच वादक हंगामापुरते परदेशांतून येतात. त्यामुळे स्थानिक वादकाचे उत्पन्न शिकवण्या, लग्नसमारंभ, ध्वनिमुद्रण आणि अशा मैफली यांच्या बेरजेतून उभे राहते. या बेरजेतून पॉपच्या मैफली वजा केल्या, तर बेटोव्हेनच्या रियाजासाठीही वेळ उरणार नाही. 'अभिजात संगीत सवंग होते आहे' अशी तक्रार करताना ही बाजूही पाहावी लागते.

कायदा काय सांगतो?

भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) संगीतरचनेचे संयोजन हे तिचे 'रूपांतर' मानले जाते आणि रूपांतराचा अधिकार मूळ हक्कधारकाकडे असतो. तिकीट लावून जाहीर वादन करायलाही परवाना लागतो. भारतात गीतकार-संगीतकारांच्या वतीने असे परवाने देण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली 'आयपीआरएस' ही संस्था करते. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. म्हणून बेटोव्हेन मोफत आहे. पण राहुल देव बर्मन यांचे निधन १९९४ मध्ये झाल्याने त्यांच्या संगीतावरील हक्क २०५४ अखेरपर्यंत राहील.

वादकासाठी महत्त्वाचा टप्पा म्हणजे २०१२ ची दुरुस्ती. तिने कलाकाराला, म्हणजे गायकाला तसेच वादकालाही, ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरातून स्वामित्वधनाचा हक्क दिला. 'हे मी वाजवले आहे' अशी ओळख मिळण्याचा नैतिक हक्कही दिला.

मात्र 'कलाकार' शब्दाच्या व्याख्येत एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेच दिले जात नाही, त्याला कायदा कलाकार मानत नाही. त्याच्यापुरता एकच हक्क शिल्लक राहतो, तो सादरीकरणाची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा. म्हणजे प्रथेमुळे नाव नाही, नाव नाही म्हणून कलाकार नाही आणि कलाकार नाही म्हणून नाव मागण्याचा हक्कही नाही, असे वर्तुळ पूर्ण होऊ शकते. कोरसमधील गायक किंवा तंतुवाद्यांच्या ताफ्यातील वादक या व्याख्येत सहज ओढला जाऊ शकतो.

ही अट चित्रपटापुरती आहे. मंचावरच्या मैफलीला ती लागू नाही. म्हणूनच क्वार्टेटच्या वादकांची बाजू कायद्याने अधिक भक्कम आहे. प्रश्न ती वापरली जाते का, एवढाच. कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले, त्याच्या चित्रफिती जाहिरातीत आल्या, तर त्याबद्दल करारात काय लिहिले आहे? संयोजकाला एकरकमी पैसे मिळाले की पुढील प्रत्येक कार्यक्रमामागे काही? हे मुद्दे मैफल ठरतानाच मांडावे लागतात, नंतर नाही.

सुकापूरला याच्याशी काय देणे-घेणे?

सुकापूर हा नवीन पनवेलला खेटून वाढलेला, गाव आणि नगर यांच्या सीमेवरचा भाग. अशा वस्त्यांत शाळेनंतर कीबोर्ड, गिटार, व्हायोलिन शिकणारी मुले आता नवलाची राहिलेली नाहीत. ट्रिनिटीसारख्या परदेशी मंडळांच्या परीक्षांत अभिजातच्या जोडीला रॉक-पॉपचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे. म्हणजे जो मिलाफ मैफलीत नवा वाटतो, तो शिकणाऱ्या मुलांच्या वहीत आधीच आलेला आहे.

अडचण पुढच्या पायरीची आहे. अशा मैफली मुख्यतः मुंबई शहरात होतात. पनवेलहून लोकलने सीएसएमटी गाठायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो, त्यापुढे सभागृह. रात्रीचा परतीचा प्रवास वेगळा. पालक आणि दोन मुलांचे तिकीट, प्रवास, खाणे मिळून ही संध्याकाळ महाग पडते. दुसरीकडे पनवेलमध्ये वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. क्वार्टेटला मोठा मंच, नेपथ्य, ट्रकभर सामान काहीच लागत नाही. चार खुर्च्या, चार स्टँड आणि शांत सभागृह एवढे पुरते. उपनगरांतील नाट्यगृहांसाठी याहून हलका कार्यक्रम शोधून सापडणार नाही.

स्थानिक पातळीवर नावाचा प्रश्नही सोपा होतो. आंतरराष्ट्रीय साच्याचे शीर्षक नसेल तर संचाला स्वतःच्या नावावर उभे राहावे लागते. त्यात भावगीते, नाट्यपदे, कोळीगीते, कोल्डप्ले असे काहीही येऊ शकते. जोखीम मोठी आहे, कारण अनोळखी नावावर तिकीट विकणे कठीण. पण संच घडतो तो याच वाटेने.

पुढे काय पाहायला हवे?

अशा मैफली टिकतील की मेणबत्त्यांची हौस फिटल्यावर ओसरतील, हे आत्ताच ठरवण्याचे कारण नाही. पाहायच्या गोष्टी तीन. पहिली, पोस्टरवर संचाचे आणि कार्यक्रमपत्रिकेत संयोजकाचे नाव येते का. दुसरी, तेच चार वादक वर्षभराने एकत्र दिसतात का. तिसरी, उसन्या गाण्यांच्या जोडीला एखादी स्वतःची रचना कार्यक्रमात शिरते का.

यातली पहिली गोष्ट श्रोत्यांच्याही हातात आहे. मैफलीचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकताना गाण्याच्या आणि मूळ बँडच्या नावापुढे वाजवणाऱ्या चौघांची नावे लिहायला पैसे पडत नाहीत. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव लोकांपर्यंत पोहोचायला एका कृतज्ञ शिष्याची आणि एका गाजलेल्या चित्रपटाची गरज पडली. आजच्या व्हायोलिनवादकासाठी एक ओळ पुरेशी आहे.